बीटल्सशी लग्न नव्हतं करायचं, बीटल्स व्हायचं होतं

एकाच बँडवर जीव असलेली भावंडं आपल्या ओळखीत पुष्कळ असतात. एकाच्या खोलीतून दुसऱ्याच्या कानावर गाणी जातात, काही वर्षं दोघांचं त्यावर छान जमतं आणि मग नोकरी-लग्नाच्या रगाड्यात ते विरून जातं. हे वेड विरलं नाही तर नात्याचं काय होतं, हे पाहायचं असेल तर 'हार्ट' या अमेरिकन रॉक बँडच्या अ‍ॅन आणि नॅन्सी विल्सन या बहिणींचं प्रकरण हाताशी असलेलं बरं. सहा दशकांचा पल्ला आहे आणि दोघींनी त्यावर भरपूर बोलून ठेवलं आहे. शिवाय दिवाळी अंकातल्या कौटुंबिक कथेसारखं यात सगळं गोडच नाही, त्यामुळे शिकण्यासारखंही काही आहे.

बदलीचं घर

वडील जॉन विल्सन अमेरिकेच्या मरीन दलात मेजर होते. अ‍ॅनचा जन्म १९ जून १९५० चा, सॅन डिएगोतला. नॅन्सीचा १६ मार्च १९५४ चा, सॅन फ्रान्सिस्कोतला. लिन ही सगळ्यांत थोरली. घराचे पत्ते बदलत राहिले, मधे तैवानही झालं. अखेर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बिऱ्हाड सिअ‍ॅटलजवळच्या बेलव्ह्यू या उपनगरात स्थिरावलं. रेल्वे, बँक किंवा पोलीस खात्यातल्या बदल्यांवर ज्यांचं बालपण गेलं, त्यांना पुढचं सांगायला नको. शाळा बदलते, गल्लीतले सवंगडी बदलतात, भावंडं तेवढी सामानाबरोबर सोबत येतात.

या घरात गाणं मुबलक होतं. रविवारी सकाळी पॅनकेक आणि ऑपेरा असा बेत असायचा आणि वडील दिवाणखान्यात उभं राहून हातवारे करत अदृश्य वाद्यवृंद चालवायचे. अ‍ॅन बोलताना अडखळायची, त्यामुळे बुजरी होती. गाताना मात्र जीभ अडत नसे. बाराव्या वर्षी मोनोन्यूक्लिओसिसच्या लांबलेल्या दुखण्याने तिची काही महिने शाळा बुडाली, तेव्हा मन रमावं म्हणून आईने तिला गिटार आणून दिली. पाठोपाठ धाकटीनेही गिटारचा हट्ट धरला. तिच्यासाठी आणलेली लहान गिटार काही केल्या सुरात राहीना, म्हणून नॅन्सी अ‍ॅनचीच गिटार उचलायची. भावंडांच्या घरात एका वस्तूवर दोघांचा हात पडला की काय होतं हे आपण जाणतो. इथे त्या गिटारवरून महायुद्ध झालं नाही, कारण लवकरच दोघींना तिच्यावर एकच गोष्ट वाजवायची होती.

९ फेब्रुवारी १९६४

त्या रविवारी रात्री एड सलिव्हन यांच्या टीव्ही कार्यक्रमात बीटल्स, म्हणजे इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या चार तरुणांचा बँड, पहिल्यांदा दिसले. अमेरिकेत सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला. विल्सनांच्या घरातही टीव्ही लागलेला होता. अ‍ॅन तेरा वर्षांची, नॅन्सीला दहावं पुरं व्हायला पाचेक आठवडे कमी. आकाशातून वीज पडावी तसं झालं, असं नॅन्सीने पुढे सांगितलं आहे. एका आठवणीत तिने तेव्हाचं स्वतःचं वय सात-आठ सांगितलं आहे, जे तारखांशी जुळत नाही. मला ही चूक बोलकी वाटते. थोरलीच्या शेजारी बसून पाहिलेल्या गोष्टीच्या आठवणीत धाकटी स्वतःला आणखीच धाकटी करून टाकते.

या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा याच रात्रीत आहे. एरवी भावंडांत आवड वरून खाली झिरपते. थोरला काही ऐकतो, धाकटा त्याच्या मागे लागतो, आणि थोरल्याचा नाद सुटला की धाकट्याचं ते वेड पोरकं होतं. इथे कुणी कुणाला बीटल्स 'दाखवले' नाहीत. दोघींना ते एकाच क्षणी, एकाच सोफ्यावर भेटले. पावणेचार वर्षांचं अंतर इतर सगळीकडे होतं, शाळेत होतं, मैत्रिणींत होतं. बीटल्सच्या बाबतीत मात्र दोघींची इयत्ता एकच.

आपल्याकडच्या मंगेशकर भावंडांशी हे ताडून पाहिलं तर फरक लक्षात येतो. तिथे विद्या वडिलांकडून आली, घरात गुरू होता, पाठोपाठ घर चालवण्याची जबाबदारीही आली. विल्सन बहिणींचा गुरू टीव्हीच्या काचेपलीकडे होता आणि त्याला या दोघींचा पत्ताही नव्हता. त्यामुळे शाबासकी कुणाला जास्त मिळाली, हा भावंडांतला सनातन तंटाच तिथे नव्हता.

दुसऱ्याच दिवसापासून दिवाणखान्यात हवेतल्या गिटारी वाजू लागल्या. खोटे इंग्लिश उच्चार काढून बोलणं सुरू झालं. चाहत्यांसाठी निघणाऱ्या मासिकांची पारायणं झाली. इतर मुली चौघांपैकी कुणाशी लग्न करायचं हे ठरवत होत्या. या दोघींना बीटल्स व्हायचं होतं. दोघींनी हे पुढे अनेकदा सांगितलं आहे आणि मला ते नुसतं चटकदार वाक्य वाटत नाही. लग्न करायचं म्हटलं असतं तर दोघी एकाच पॉलवरून भांडल्या असत्या. बँड व्हायचं म्हटल्यावर एकटीने भागत नाही, दुसरा आवाज लागतोच.

दुसरा आवाज

आणि तो आवाज घरातच होता. सख्ख्या भावंडांचे आवाज एकमेकांत मिसळतात, कारण गळ्याची ठेवण जवळची असते, शब्द उच्चारायची लकब एकाच घरातली असते आणि श्वास कुठे तुटणार हे समोरच्याला आधीच ठाऊक असतं. यात एक मजेदार वळसा आहे. बीटल्समधल्या जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांची दोन आवाजांत गायची पद्धत बऱ्याच अंशी एव्हर्ली ब्रदर्सवरून, म्हणजे डॉन आणि फिल या सख्ख्या भावांवरून घेतलेली. दोन भावांची लकब लिव्हरपूलच्या दोन मित्रांनी उचलली आणि ती ऐकून वॉशिंग्टन राज्यातल्या दोन बहिणी गाऊ लागल्या.

२५ ऑगस्ट १९६६ रोजी बीटल्स सिअ‍ॅटलच्या कोलिझियममध्ये आले आणि या दोघी मैत्रिणींबरोबर तिथे होत्या. तो बीटल्सचा शेवटचा दौरा ठरला. चारच दिवसांनी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी तिकीट लावून केलेला शेवटचा कार्यक्रम झाला. म्हणजे अगदी दार लागता लागता यांना दर्शन मिळालं.

मैत्रिणींना घेऊन 'द व्ह्यूपॉइंट्स' नावाचा चार आवाजांचा गट निघाला. १९६७ मध्ये व्हॅशॉन बेटावर एका लोकसंगीताच्या कार्यक्रमात ते पहिल्यांदा लोकांसमोर गायले. बिदागी नव्हती, पण त्यांच्या लेखी तो रीतसर कार्यक्रमच होता. त्यानंतरचा चर्चमधला प्रसंग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. युवक दिनानिमित्त बहिणींना गायला सांगितलं होतं. त्यांनी निवडलं काय, तर एल्व्हिस, डोअर्सचं मृत्यूवरचं एक लांबलचक गाणं आणि पीटर, पॉल अँड मेरी यांचं एक युद्धविरोधी गाणं. कार्यक्रम संपेपर्यंत निम्म्याहून अधिक मंडळी उठून गेली होती. दोघींना वाईट वाटलं, आणि त्याच दमात आनंदही झाला, की आपल्या गाण्याने काहीतरी घडतं! घरच्या, ओळखीच्या माणसांच्या पाठी बघत गाणं एकटीला जड गेलं असतं. शेजारी आपल्यासारखीच एक उभी असली की त्याचा किस्सा होतो.

या वर्तुळात बाहेरच्यांना मज्जाव नव्हता, फक्त प्रवेशाची अट होती. शाळेपासूनची मैत्रीण सू एनिस हीसुद्धा बीटल्सवेडी. ती आत आली आणि पुढे हार्टची कितीतरी गाणी तिने या दोघींबरोबर बसून लिहिली. उलट, लिन घरातलीच असूनही बँडमध्ये आली नाही. तेच वडील, तोच ऑपेरा, त्याच बदल्या असूनही तिची वाट वेगळी झाली. म्हणून 'घरात संगीत होतं म्हणून पोरी गायल्या' या सरधोपट उत्तरावर मी फार विसंबणार नाही.

काही वर्षं वेगळ्या गावांत

शाळा संपल्यावर अ‍ॅन स्थानिक बँडमध्ये गायला लागली. गिटारवादक रॉजर फिशर तिथलाच. त्याचा भाऊ माइक सक्तीची लष्करभरती टाळण्यासाठी कॅनडात गेला होता. अ‍ॅन त्याच्या प्रेमात पडली आणि व्हँकुव्हरला गेली, मागोमाग बँडही गेला. तोच पुढे हार्ट झाला. नॅन्सी तेव्हा ओरेगनमध्ये कॉलेजात होती, एकटी गिटार घेऊन छोटे कार्यक्रम करत होती. १९७४ मध्ये ती कॉलेज सोडून व्हँकुव्हरला गेली आणि हार्टमध्ये सामील झाली. लवकरच तिचं आणि रॉजरचं जमलं. एका बँडमध्ये दोन भाऊ, दोन बहिणी आणि त्यांच्या दोन जोड्या! अशी गाठ कुठल्याही समुपदेशकाला घाम फोडेल. १९७९ च्या सुमारास दोन्ही जोड्या तुटल्या आणि रॉजर बँडबाहेर गेला. बहिणी राहिल्या.

पहिली तबकडी १९७५ मध्ये व्हँकुव्हरच्या मशरूम रेकॉर्ड्सने काढली. अ‍ॅनचा धारदार गळा आणि त्याखाली नॅन्सीची विजेवर न चालणारी, पण तबल्यासारखा ठेका धरणारी गिटार, हे मिश्रण लोकांना नवं होतं. मुखपृष्ठावर दोघी पाठीला पाठ लावून, खांदे उघडे. तबकडी खपू लागली तशी कंपनीने भडक साप्ताहिकाच्या पहिल्या पानासारखी दिसणारी एक पूर्ण पानी जाहिरात काढली. तिच्यात बहिणींच्या फोटोखाली 'आमची ती पहिलीच वेळ होती' अशा अर्थाचं वाक्य टाकलं. सूचना स्पष्ट होती, दोघींमध्ये शारीरिक संबंध आहेत.

डेट्रॉइटच्या कार्यक्रमानंतर एक माणूस अ‍ॅनला येऊन विचारू लागला, तुझी प्रेमाची व्यक्ती कशी आहे? तिला वाटलं तो माइकबद्दल विचारतोय. तो नॅन्सीबद्दल विचारत होता. अ‍ॅन संतापाने थरथरत हॉटेलवर गेली आणि तिने 'बॅराकुडा'चे शब्द लिहून काढले. घोडदौडीसारख्या ठेक्याचं ते गाणं १९७७ मध्ये आलं आणि आजही हार्टची ओळख आहे.

इथे जरा थांबायला हवं. भावंडांच्या जवळिकीला बाहेरच्या जगाने गलिच्छ नाव दिलं की बहुतेक ठिकाणी ती भावंडं एकमेकांपासून चार हात लांब सरकतात, निदान चारचौघांत तरी. फोटोत अंतर ठेवतात, मुलाखती वेगवेगळ्या देतात. या दोघींनी उत्तर गाण्यातून दिलं आणि ते मंचावर शेजारी उभं राहून वाजवलं. त्यांना ते जमलं याचं कारण माझ्या मते असं की राग व्यक्त करायला दोघींकडे आधीपासून एक सामायिक भाषा होती, आणि ती नात्याइतकीच जुनी होती. कंपनीशी पुढे कोर्टकचेरी झाली, हार्टने कंपनी बदलली. तो तपशील वकिलांना लखलाभ.

कॅमेरा कुणावर

१९८० च्या दशकात व्हिडिओंचा जमाना आला. १९८५ ची तबकडी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली, पण गाणी बऱ्याच अंशी बाहेरून लिहून आणलेली, केस फुगवलेले, कपडे आवळलेले. अ‍ॅनचं वजन वाढलं होतं. रेकॉर्ड कंपनीला ते दिसायला नको होतं, म्हणून व्हिडिओत कॅमेरा तिला सावलीत ठेवायचा, नाहीतर फक्त चेहरा दाखवायचा, आणि सडपातळ धाकटीवर रेंगाळायचा. गाते थोरली, दिसते धाकटी. भर म्हणजे १९८६ मध्ये बँडचं एखादं गाणं पहिल्यांदा पहिल्या क्रमांकावर गेलं, तेही नॅन्सीने गायलेलं. ध्वनिमुद्रणाच्या वेळी सर्दीने तिचा घसा बसला होता आणि त्या घोगरेपणानेच गाण्याला रंग चढला. पुढे निर्माते तिला म्हणायचे म्हणे, पुन्हा जरा आजारी पड ना!

दोन बहिणींमध्ये पाचर मारायला एवढं पुरेसं होतं. तशी ती बसली नाही, पण हा काळ दोघींनाही मानवला नाही. त्यानंतर त्यांनी जे केलं ते लक्षात घेण्यासारखं आहे. १९९० च्या दशकात सू एनिस आणि आणखी एका साथीदाराला घेऊन 'द लव्हमाँगर्स' नावाचा छोटा गट काढला, मोठा सरंजाम बाजूला ठेवला आणि आवडत्या बँडची गाणी गायला घेतली. त्यात लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडचं एक दोन आवाजांचं गाणं होतं, मूळ ध्वनिमुद्रणात बँडचा गायक रॉबर्ट प्लांट याच्यासोबत सँडी डेनी गायली होती ते. स्वतःच्या बँडचा वीट आला तेव्हा दोघी पुन्हा कुणाच्या तरी चाहत्या झाल्या. या प्रकरणात मला सगळ्यांत आवडलेली चाल हीच.

चाहतेपणाची परमावधी २ डिसेंबर २०१२ ला वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये झाली. लेड झेपलिनच्या हयात असलेल्या तिघा सदस्यांचा सन्मान होता, राष्ट्राध्यक्ष ओबामा हजर होते आणि 'स्टेअरवे टू हेवन' गायला अ‍ॅन-नॅन्सीला बोलावलं होतं. दिवंगत ड्रमवादक जॉन बोनमचा मुलगा जेसन ड्रमवर होता. सुरुवात नॅन्सीच्या एकटीच्या गिटारने झाली. पुढे मागचा पडदा सरकला आणि बोनमसारख्या गोल टोप्या घातलेला मोठा गायकवृंद उभा राहिला. सज्ज्यात बसलेल्या रॉबर्ट प्लांटचे डोळे पाणावलेले साऱ्या जगाने पाहिले. ज्याची गाणी ऐकून शिकलो त्यालाच ती ऐकवायची म्हणजे पाय लटपटण्याचंच काम. दोघींनी ते दणक्यात केलं. पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, हार्ट रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेला.

ऑगस्ट २०१६

आणि मग ते भांडण. सिअ‍ॅटलजवळच्या ऑबर्नमध्ये हार्टचा कार्यक्रम चालू असताना मंचामागे अ‍ॅनच्या नवऱ्याने नॅन्सीच्या किशोरवयीन मुलांना मारहाण केली. त्याला अटक झाली आणि पुढे त्याने गुन्हा कबूल केला. बहिणींनी ठरलेले कार्यक्रम कसेबसे पुरे केले आणि दोघींची तोंडं दोन दिशांना झाली. नॅन्सीने वेगळा बँड काढला, अ‍ॅन एकटी दौरे करू लागली. हार्ट जवळजवळ तीन वर्षं बंद राहिला.

चाहत्यांना तेव्हा वाटत होतं, बावन्न वर्षांपूर्वी एका सोफ्यावर बसलेल्या या दोघी एक गाणं म्हणतील आणि सगळं मिटेल. असं होत नसतं. एकीचा नवरा आणि दुसरीची मुलं समोरासमोर आल्यावर बीटल्स काय करणार? समान आवडीने फार तर कामातले रुसवे निघतात, श्रेयाचे हेवेदावे सोसवतात. पोटच्या पोरांना लागलेला मार हा हिशोब वेगळ्या वहीतला आहे, आणि आवडत्या बँडच्या नावाखाली तो मिटवायचा प्रयत्न कुणी केला असता तर तो नॅन्सीवर अन्यायच झाला असता.

तरी २०१९ च्या उन्हाळ्यात हार्ट पुन्हा दौऱ्यावर निघाला. २०२४ मध्ये आणखी एक मोठा दौरा सुरू झाला. मधेच अ‍ॅनला कर्करोग निघाला, शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झाली, पुढचे कार्यक्रम पुढे ढकलले गेले आणि २०२५ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. घरातला तिढा सुटल्यावरच एकत्र काम करायचं, अशी अट त्यांनी घातली असती तर हार्ट तिथेच संपला असता. त्यांना आधी मंच सापडला, आणि तिथे काय करायचं हे दोघींना लहानपणापासून पाठ होतं.

दुसरं घर, तोच बँड

समान आवड भावंडांना धरून ठेवते, या निष्कर्षाला उलटं उदाहरणही आहे, आणि तेही बीटल्सवेडाचंच. मँचेस्टरच्या बर्नेज भागातले नोएल आणि लियाम गॅलाघर. पाच वर्षांचं अंतर, लहानपणी एकाच खोलीत झोपणारे आणि दोघेही बीटल्सचे निस्सीम भक्त. लियामने मुलाचं नाव लेनन ठेवलं, यावरून काय ते समजा. तरीही त्यांच्या ओअ‍ॅसिस या बँडची कारकीर्द भांडणांनी गाजली आणि २८ ऑगस्ट २००९ ला पॅरिसमध्ये मंचावर जाण्याआधीच बँड फुटला. पुढची सोळा वर्षं दोघे एका मंचावर आले नाहीत. आले ते २०२५ च्या जुलैमध्ये, कार्डिफला.

आवड तीच, मग फरक कुठे? माझा अंदाज असा की ओअ‍ॅसिसमध्ये कामाची वाटणी फार चोख होती. गाणी बहुतांशी नोएलची, आवाज बहुतांशी लियामचा. त्यामुळे 'हा बँड कुणाचा' हा प्रश्न रोज उभा राहायचा आणि दोघांकडेही त्याचं पटण्याजोगं उत्तर असायचं. विल्सनांकडे दोघी लिहायच्या, दोघी गायच्या, दोघी वाजवायच्या. सीमारेषा पुसट होती. शिवाय गॅलाघर बंधूंच्या घरात बीटल्स हे जिंकायचं शिखर होतं, आणि शिखरावर दोघांना उभं राहायला जागा कमीच पडते. विल्सनांच्या दिवाणखान्यात ते एक सोंग होतं. त्या सोंगात चार पात्रं होती आणि घरातल्या दोघी मिळूनही ती पुरी होत नव्हती, म्हणून मैत्रिणींना हाका मारायला लागायच्या.